शिरोरेघ नसलेलं पुस्तक

नंदाला मधलं दिसायचं नाही. हे लोकांना समजावून सांगताना आमचा जीव जायचा. आंधळी म्हणावं तर ती हापशावरून घागर भरून आणायची, अंगण झाडायची, दारात कोण आलं ते पावलांवरून आणि अंगकाठीवरून ओळखायची. पण जिच्याकडे ती सरळ बघेल ती वस्तू तिला पुसल्यासारखी व्हायची. मधोमध एक राखाडी डाग आणि त्याच्या कडेकडेनं सगळं जग. म्हणून ती कुणाशी बोलताना मान थोडी वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, फिटरची धाकटी लय ताठ्याची हाय, तोंड फिरवून बोलती. माझी माय सुरुवातीला भांडायची, मग तिनं सोडून दिलं. ताठ्याची म्हणतात तर म्हणू देत, आंधळी म्हणण्यापेक्षा बरं, असं तिनं मनाशी ठरवलं असावं.

दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत नंदाला ताप आला होता. तो महिनाभर राहिला आणि उतरला तेव्हा डोळ्यांतलं काहीतरी घेऊन गेला. परभणीला दाखवलं, मग औरंगाबादला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याची नस सुकली आहे, चष्म्यानं काही होणार नाही. अण्णा, म्हणजे आमचे वडील, परत आल्यावर विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "चष्म्याची गरज न्हाई म्हणले डॉक्टर." हे खोटंही नव्हतं. ऐकणारा खूश होऊन जायचा आणि अण्णा खाली बघत विडी शिलगवायचे.

आमचं घर सेलूला, जिनिंगच्या मागच्या गल्लीत. अण्णा जिनिंगमध्ये फिटर होते. कापसाचा हंगाम सुरू झाला की यंत्रं जी घरघरायला लागायची ती उन्हाळा तापेपर्यंत. भिंतीला हात लावला तर भिंत थरथरायची. वरणाच्या पातेल्यावर झाकण ठेवायला जरासं विसरलं की वर कापसाचा भुरका बसायचा आणि माय तो चमच्यानं काढून टाकत बसायची. त्या आवाजाच्या वरताण बोलायची आम्हाला इतकी सवय झाली होती की हंगाम संपल्यावरही आम्ही एकमेकांशी ओरडूनच बोलायचो. पाहुणे दचकायचे. आजही फोनवर माझी सून म्हणते, आई, हळू बोला. मी हळूच बोलत असते.

नंदा चार वर्षांनी लहान माझ्याहून. मी बी.ए. झाले होते आणि स्टेशन रोडवर गफूरचाचांच्या दुकानात संगणकावर टाईप करायला जात होते. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, खताच्या दुकानांची पत्रकं, निवडणुकीत उमेदवारांचे जाहीरनामे. सकाळी नऊला जायचं, दिवेलागणीला परत यायचं. आल्याबरोबर चूल पेटायच्या आत नंदा पुस्तक घेऊन उभी असायची. तिनं ठरवलं होतं की बारावी द्यायची, घरी बसून सतरा नंबरचा फॉर्म भरून. बाकीचे विषय शेजारच्या मुलीनं आणि मायनं मिळून थोडे थोडे वाचून दिले होते. मायची वाचनाची गती म्हणजे बोटानं एकेक अक्षर. इतिहास मात्र माझ्या वाट्याला होता. ते पुस्तक जाड, बारीक छपाईचं. ते मी तिला ओरडून वाचून दाखवायचं, कारण मागं जिनिंग चालू. पहिल्या पानाला आवाज बरा असायचा, चौथ्या-पाचव्याला घसा बसायचा आणि कधी कधी वाक्याच्या मधेच माझे डोळे मिटायचे. नंदा माझ्या मनगटाला हात लावायची. रागानं नाही, अगदी हळू, दार वाजवावं तसं. मग मी दचकून पुढचं वाचायची, आणि बऱ्याचदा तीच ओळ परत वाचायची. ती म्हणायची, "हे झालं, ताई." तिला सगळं लक्षात राहायचं. मला मात्र त्या वर्षातलं आठवतं ते एवढंच की मी दमलेली होते. बावीस वर्षांची मुलगी इतकी कशी दमू शकते याचं आज मला नवल वाटतं, पण होते खरी.

तिला स्वतःला वाचता यावं म्हणून काय काय केलं. भिंग आणलं. भिंगातून ती एखादी ओळ लावायची, पण एक ओळ लागेपर्यंत एक भाकरी भाजून व्हायची. पानं झेरॉक्सवर मोठी करून आणली, तर अक्षर मोठं झालं पण फिकं झालं, आणि त्यातल्या बारीक रेघा तिला दिसेनात. तिच्या दृष्टीनं ब आणि व एकच, कारण पोटातली रेघ उडालेली. ष आणि प एकच. घ आणि ध, भ आणि म यांच्यात ती अंदाजानं निवड करायची. अनुस्वार तर सगळेच गायब. एकदा तिनं मोठ्यानं वाचलं, "राजाची वडखोरी," आणि स्वतःच थांबून हसत म्हणाली, "बंडखोरी हाय का गं?" मी हसले. मग आम्ही दोघीही हसायच्या थांबलो.

गफूरचाचांना मी हे सांगितलं ते काही उपाय मिळेल म्हणून नाही, उशिरा आल्याचं कारण म्हणून. चाचा पूर्वी कातिब होते. उर्दू पत्रिका, मुशायऱ्यांची पोस्टरं ते बोरूनं हातानं लिहायचे. ते काम संपत आल्यावर त्यांनी हैदराबादहून संगणक आणला आणि साठीला टेकलेला तो माणूस दोन बोटांनी टाईप करायला शिकला. सकाळी घरून खिचडी-खट्ट्याचा डबा यायचा, त्यातली अर्धी खिचडी ते माझ्यापुढं सारायचे. माझं ऐकून ते म्हणाले, "बेटी, अक्षर मोठं करून काय फायदा? आतली जागा मोठी कर. हर्फाला दम घ्यायला जागा लागती." आणि समोरच्या पत्रिकेच्या पाठीवर त्यांनी जाड बोरूनं एक ब काढला. मराठी त्यांना वाचता यायचं, पण लिहायची सवय नव्हती. तरी तो ब असा होता की त्याचं पोट गोल, उघडं, आणि मधली रेघ बाहेरच्या रेघेइतकीच जाड. मी तो कागद घरी नेला. नंदानं मान वळवली, कागद जरा लांब धरला आणि म्हणाली, "ब." विचार न करता म्हणाली.

तिथून ते सुरू झालं. संगणकातलं अक्षर म्हणजे शेवटी ठिपके जोडून काढलेली एक आकृती असते आणि ती उघडून बदलता येते, हे चाचांना माहीत होतं. दुकानांची नावं वेगळ्या वळणात काढायला त्यांनी तसा एक प्रोग्रॅम कुणाकडून तरी मिळवला होता. एक आख्खा फाँट त्यात करता येईल का, असं मी विचारलं, तर ते म्हणाले, "होईल. पण तुझी नजर जाईल." आणि मग जीभ चावून म्हणाले, "तोबा, काय बोललो मी."

रविवारी सकाळी ऊन अंगणात यायचं तेव्हा मी जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठीवर जाड पेनानं अक्षरं काढायची आणि नंदा ओट्यावर बसून सांगायची. हे दिसतंय, हे न्हाई. ह्याची गाठ सोड. ह्याचा पाय लांब कर. ण ची दोन टोकं एकात गेली, दूर ने. ध ला वरती मोठं वाटोळं दे, मी घ म्हणणार न्हाई मग. अनुस्वार तिनं सुपारीएवढा मागितला. वेलांट्या इतक्या जाड की मला त्या शिंगांसारख्या वाटायच्या. ती अगदी हुकूम सोडायची. तापानंतर दोन वर्षांत तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. आणि एका रविवारी ती म्हणाली, "वरची रेघ काढून टाक."

"शिरोरेघ?"

"हां. तिच्यामुळं सगळी अक्षरं एकमेकाला चिटकतेत. एक लांब काळा पट्टा दिसतो मला, बाकी काही न्हाई. काढ ती."

मी काढली. अण्णा हंगामाची पाळी संपवून आले होते, अंगाखांद्यावर कापूस. त्यांनी तो कागद बराच वेळ बघितला. त्यांचं स्वतःचं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण अक्षर मोत्यासारखं होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. म्हणाले, "बोडकी दिसायलेत. डोक्यावरचा पदर काढल्यावानी."

"मला दिसायलेत, अण्णा," नंदा म्हणाली.

ते हातपाय धुवायला गेले.

शंभरावर आकार करावे लागले. नुसती मुळाक्षरं नव्हेत. अर्धी अक्षरं, काने, मात्रा, रफार, जोडाक्षरं. दुपारी गिऱ्हाईक नसेल तेव्हा चाचा मला मोकळीक द्यायचे आणि मी माऊसनं एकेक ठिपका ओढत बसायची. उकार अक्षराखाली नीट बसेना, कधी शेजारच्या अक्षराखाली जाऊन बसायचा. चाचा मागून बघायचे. त्यांची मोजायची रीत न्यारी होती. बोरूचा एक ठिपका म्हणजे एक माप, क तीन ठिपके रुंद, त्याच्या पोटात एक ठिपका मोकळा राहिलाच पाहिजे. त्यांनी ते पडद्यावर बोट ठेवून मोजून दाखवलं आणि त्यांच्या बोटाचा डाग कितीतरी दिवस काचेवर होता. थंडी पडायला लागली तेव्हा फाँट झाला. फाईलला नाव द्यायचं होतं. मी नंदाचंच दिलं.

त्या फाँटमध्ये आयुष्यात एकच पुस्तक बसलं, ते तिच्या बारावीच्या इतिहासाचं. पहिले पाच धडे मी महिनाभरात टाईप केले. आमच्या दुकानातला प्रिंटर सुयांचा, अक्षर ठिपक्याठिपक्यांनी उठायचं, ते तिच्या कामाचं नव्हतं. म्हणून फ्लॉपी घेऊन मी पॅसेंजरनं परभणीला गेले, तिथं एका दुकानात लेझर प्रिंटर होता. तिथल्या माणसानं फ्लॉपी घातली, फाईल उघडली आणि माझ्याकडे बघितलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, आकडे, कंस, डॉलरची खूण, नुसता गोंधळ. "काय हाय हे, मॅडम?" त्या काळी मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असायची. ज्या संगणकात तो फाँट असेल तिथंच मराठी दिसणार. नंदाचा फाँट जगात एकाच संगणकात होता आणि तो सेलूत. मी फाईल आणली होती, फाँट आणायला विसरले होते. जिनं तो स्वतः केला तीच विसरली. त्या माणसानं त्यांच्याकडचा फाँट लावून बघितला, तर सगळं मराठी झालं, सुबक, बारीक, वर शिरोरेघ. "घ्या, किती छान दिसायलंय," तो म्हणाला. मी नको म्हटलं. परतीची गाडी तीन तास उशिरा होती. स्टेशनवरच्या बाकावर मी शेंगदाण्याची पुडी खात बसले आणि मला आठवतं, मला रडू आलं नाही, नुसती सरसकट शिसारी आली. अक्षरांची, इतिहासाची, नंदाच्या त्या हळू हात लावण्याची.

पुढच्या आठवड्यात परत गेले, फाँट घेऊन. पानं निघाली. काळीभोर, एका पानावर जेमतेम बारा ओळी. घरी आले तेव्हा माय भाकरी थापत होती. नंदानं पानं मांडीवर घेतली, मान वळवली, आणि वाचायला लागली. हळू, पण न थांबता, बोट न लावता. पहिलं पान संपलं, दुसरं. जिनिंगच्या आवाजावर आवाज चढवून ती ओरडून वाचत होती, मी वाचायची तशी. मायच्या हातातली भाकरी तशीच राहिली, कडेनं सुकायला लागली. अण्णा दारात उभे होते. त्यांनी पायातल्या चपला काढल्या नव्हत्या आणि आतही आले नव्हते. तिनं तिसरं पान उलटल्यावर ते म्हणाले, "पाणी तरी पिऊ दे तिला कुणी."

हा प्रसंग मी आतापर्यंत पुष्कळांना सांगितला आहे. फाँट, चाचा, बोडकी अक्षरं, मायची भाकरी. ऐकणारे डोळे पुसतात. त्याच्या पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि हे प्रकरण लिहायला घेतलं ते त्याच्यासाठी.

पाच धडे तिनं आठ दिवसांत संपवले आणि पुढचे मागितले. आता मला वाचून दाखवायचं नव्हतं, नुसतं टाईप करायचं होतं, पण ते वाचण्याहून जड होतं. त्यातच लग्नसराई लागली. दिवसभर दुकानात पत्रिका, आणि त्यातून वेळ काढून पुस्तक. उजव्या मनगटात कळ यायला लागली. घरी गेलं की नंदा विचारायची, "कितवा चालू हाय?" ती रोज विचारायची. माझ्या घशाचे दिवस संपले होते, तिच्या विचारण्याचे सुरू झाले होते. सहावा, सातवा, आठवा झाला. नववा धडा करारांचा होता. कोणता करार कुणाकुणात, त्याची कलमं, कलमांखाली पोटकलमं, आणि मधे तक्ते. तक्ता त्या फाँटमध्ये पानावर मावेना. अक्षरं इतकी मोठी की चौकटी फुटायच्या. तीन दिवस मी त्या धड्याशी झटले. चौथ्या दिवशी मी तो बाजूला ठेवला आणि दहावा घेतला. मनाशी म्हटलं, शेवटी करू. शेवट आला तेव्हा परीक्षा पंधरा दिवसांवर होती.

मी तो केला नाही. एवढंच केलं असतं तर आळस म्हणता आला असता. पण मी दहाव्याला नववा म्हटलं, अकराव्याला दहावा, शेवटपर्यंत. पानांचे आकडे सलग लावले. अनुक्रमणिकेतून नववं नाव काढलं. हे सगळं मी एका दुपारी केलं, चाचा नमाजाला गेले होते तेव्हा. मला आठवतं ती सुटका. परभणीहून पानं छापून आणली, दाभणानं शिवली, वर खाकी कागदाचा पुठ्ठा घातला. नंदानं पुस्तक दोन्ही हातांत तोलून बघितलं. "सगळं झालं?"

"झालं," मी म्हटलं.

"सुटलीस बाई तू," ती म्हणाली, आणि माझ्या मनगटाला तेल लावून दिलं.

तिला दुसरीकडून कळायची सोय नव्हती. मूळ पुस्तक टाईप करायला दुकानातच असायचं, आणि वाचून दाखवताना आम्ही नवव्यापर्यंत कधी पोचलोच नव्हतो. ती कॉलेजात जात नव्हती, तिला मैत्रिणी उरल्या नव्हत्या. जे मी टाईप केलं तेवढाच तिचा इतिहास. हे मला तेव्हाही कळत होतं. लेखनिक मिळतो, वेगळी सवलत मिळते, असं चाचांनी कुठूनसं ऐकून सांगितलं होतं, पण त्याला सर्टिफिकेट लागायचं आणि अण्णा म्हणाले होते, पोरीच्या नावावर आंधळी म्हणून सरकारी शिक्का बसू देणार न्हाई. तेव्हा ती प्रश्नपत्रिका भिंगातून लावायची आणि उत्तरं अंदाजानं ओळ धरून लिहायची.

इतिहासाच्या पेपरला मी धपाट्यांचा डबा आणि पाण्याची बाटली घेऊन कॉलेजच्या कडुलिंबाखाली उभी होते. मुली घोळक्यानं बाहेर आल्या. नंदा भिंतीच्या कडेकडेनं येत होती. दोन मुली तिच्या अलीकडेच बोलत होत्या. एक म्हणाली, "बघ, मी म्हणलं होतं ना नववा येणार म्हणून. दोन्ही मोठे प्रश्न त्याच्यावरच."

नंदा थांबली. "नवव्यावर? नवव्यात तर उठावांचं हाय ना?"

"न्हाई गं, उठाव दहाव्यात. नववा म्हणजे करारांचा. किती पाठ केलं मी ते."

"करारांचा," नंदा म्हणाली.

मुली गेल्या. मी तिच्यापासून चार पावलांवर होते. तिनं तोंड माझ्या दिशेला केलं आणि सरळ बघितलं. मान न वळवता, अगदी सरळ. म्हणजे माझा चेहरा तिला दिसत नव्हता. मी तिथं उभी आहे एवढं तिला माहीत होतं आणि तिनं तो राखाडी डाग माझ्यावर ठेवला होता. मग ती चालायला लागली. गर्दीत ती नेहमी माझं कोपर धरायची, त्या दिवशी धरलं नाही. कापसाच्या गाड्या, ट्रॅक्टर, सायकली यांच्यातून ती भिंतीला हात लावत घरापर्यंत गेली आणि मी मागून डबा घेऊन. मायनं विचारलं, "कसा गेला पेपर?" ती म्हणाली, "गेला बरा." धपाटे तिनं खाल्ले. मला वाटलं आता बोलेल, संध्याकाळी बोलेल, उद्या बोलेल. ती बोलली नाही आणि मलाही तोंड उघडता आलं नाही. असे अडीच-तीन महिने गेले. जिनिंग बंद पडलं, गल्लीत शांतता झाली, आणि त्या शांततेत आम्ही दोघी एका अंथरुणावर पाठीला पाठ लावून निजायचो.

निकाल लागला. बाकीच्या विषयांत ती पास होती, इतिहासात थोडक्यात गेली. अण्णा संतापले नाहीत. ते संतापले असते तर बरं झालं असतं. ते थकून म्हणाले, "बास झालं आता, नंदे. दिसत न्हाई, ध्यानात ऱ्हात न्हाई. कशाला जिवाला तरास करून घ्यायलीस?" मी आत पिठाच्या हातानं उभी होते. मला वाटलं, आता ती सांगणार. मी तयार होते, म्हणजे त्या क्षणी मला तसं वाटलं होतं.

नंदा म्हणाली, "माझ्याच ध्यानातून गेलं, अण्णा. ऑक्टोबरला बसते परत."

दुसऱ्या दिवशी मी दुकानात निघाले तेव्हा ती खाकी पुठ्ठ्याचं पुस्तक घेऊन दारात आली. तिनं शिवण उसवून पानं सुटी केली होती. "ताई," ती म्हणाली, "नववा धडा कधी करतीस?"

"आजपासून," मी म्हटलं.

"त्याच्या पुढचे आकडे बी नीट कर. आणि जागच्या जागी बसव."

त्याहून जास्त काही नाही. मी सहा दिवसांत तो धडा केला. तक्ते मोडून सरळ वाक्यं केली, चाचांनी तीन दिवस मला दुसरं काम दिलं नाही आणि का म्हणून विचारलंही नाही. परभणीला गेले, छापून आणला. नंदानं पानं मोजली, जागेवर लावली, आणि दाभण माझ्या हातात न देता स्वतःच शिवलं. टाके वाकडे आले. ऑक्टोबरला ती पास झाली.

पुढचं आयुष्य आयुष्यासारखं गेलं. अण्णा वारल्यावर तिनं ते सर्टिफिकेट काढलं, बाहेरून बी.ए. केलं, परभणीला एका कार्यालयात टेलिफोनवर लागली. आता तिथंच चौकशीच्या खिडकीत बसते, आणि लोक अजून म्हणतात की बाई तोंड फिरवून बोलते. गफूरचाचा गेले. त्यांच्या मुलानं दुकानात मोबाईल विकायला सुरुवात केली. जुना संगणक भंगारात गेला, फ्लॉपीला बुरशी आली. तो फाँट आता कुठंच नाही. पुस्तकाचं काय झालं ते आम्हा दोघींनाही आठवत नाही. मायनं घर बदलताना रद्दीत दिलं असेल, किंवा चुलीत घातलं असेल. कागद जाड होता.

गेल्या हिवाळ्यात माझ्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. आठ दिवस नंदाकडे राहिले. ती स्वयंपाक करायची, तिचा फोन तिला बातम्या मोठ्यानं वाचून दाखवायचा, मी डोळ्यावर हिरवं फडकं घेऊन पडून असायची. एका दुपारी ती अंबाडी निवडत बसली होती. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "नंदे, त्या नवव्या धड्याचं तू अण्णांना का सांगितलं नाहीस?"

तिचे हात चालूच होते. कोणता नववा धडा, असं तिनं विचारलं नाही.

"राग आला नव्हता?" मी परत विचारलं.

"लय आला होता. तुझ्या बाजूला निजायला बी नको वाटायचं."

"मग बोलायचं होतंस. भांडायचं होतंस."

तिनं एक देठ मोडला, पाला पाटीत टाकला. आवाज चढवला नाही, भाजीत मीठ किती घातलं हे सांगावं तशी म्हणाली, "भांडले असते, आणि तू रुसून बसली असतीस, तर मला वाचायला कुणी दिलं असतं? ती अक्षरं तुझ्याशिवाय कुणाकडं होती का? त्या वर्षी मला रागवायची सोय नव्हती, ताई."

मी फडक्याखाली डोळे मिटले. माझ्या मनात इतकी वर्षं असं होतं की तिनं मला माफ केलं होतं.